मोठ्या आतड्याचा कर्करोग : चालीरीतींपासून बुरशीपर्यंत

कर्करोग कशामुळे होतो, हा प्रश्न वर्गात निघाला की उत्तर बहुधा तंबाखूपाशी येऊन थांबते. तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगापुरते ते बरोबरही आहे. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे काय? हा अवयव डोळ्यांना दिसत नाही, त्याला धूर लागत नाही, चुना लागत नाही. त्याच्याशी संबंध येतो तो आपण खाल्लेल्या अन्नाच्या उरल्यासुरल्या भागाचा, तेथे वस्तीला असलेल्या असंख्य सूक्ष्मजीवांचा आणि त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या आपल्याच पेशींचा. या तिन्ही गोष्टींचा मेळ घालण्याचे प्रयत्न गेली अनेक दशके चालू आहेत आणि त्यांतील काही महत्त्वाचे टप्पे मुंबईत घडले. त्या टप्प्यांची ओळख करून देऊन आज हा प्रश्न कोठवर आला आहे, ते आम्ही या लेखात सांगणार आहोत.

परळची प्रयोगशाळा

टाटा स्मारक रुग्णालय परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. तपासणीसाठी येणाऱ्या गाठीचे निदान करून ते थांबत नसत. ही गाठ याच माणसाला, याच जागी का झाली, असा प्रश्न ते विचारीत. १९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळून बांधल्याने त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यात नोंदलेला आहे. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याच्या पद्धतीमुळे टाळूला होणारा कर्करोगही त्यात आहे.

या कामामागचा विचार साधा होता. शरीरावरची जागा आणि माणसाची सवय या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या. त्वचा आणि तोंड यांच्या बाबतीत ही पद्धत चांगली चालली, कारण घासणारी किंवा पोळणारी वस्तू आणि गाठ यांची जागा एकच होती. मोठ्या आतड्यापाशी मात्र ती अडखळते. अन्न तेथे पोचते ते पचन होऊन, रूप पालटून, आणि एक ते तीन दिवस रेंगाळते. आज खाल्लेली भाकरी आणि वीस वर्षांनी होणारी गाठ यांच्यामध्ये असंख्य घटना घडलेल्या असतात. म्हणून येथे एकेका रुग्णाकडे पाहून भागत नाही. मोठ्या लोकसंख्येची मोजदाद लागते.

नोंदवहीचे शास्त्र

ती मोजदाद १९६३ मध्ये सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने डॉ. डी. जे. जसावाला यांनी मुंबई कर्करोग नोंदणी कार्यालय स्थापन केले. विशिष्ट लोकसंख्येवर आधारलेली अशी ही भारतातील पहिली नोंदणी होय. रुग्णालयाची नोंदवही आणि लोकसंख्येची नोंदवही यांतील फरक विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावा. रुग्णालयात किती रुग्ण आले हा नुसता अंश झाला. छेद ठाऊक नसेल तर त्यावरून रोगाचे प्रमाण काढता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला नया नगर आहे. तेथील रहिवासी नोकरीधंद्यासाठी रोज लोकलने मुंबईत जातात आणि कर्करोग झाला तर उपचारासाठी परळलाच जातात. तरीही हा भाग ठाणे जिल्ह्यात, दहिसरच्या पलीकडे येतो. बृहन्मुंबईच्या नोंदणीत त्या रुग्णाला मुंबईचा रहिवासी म्हणून धरता येत नाही. धरले तर अंशात तो येईल, पण छेदात, म्हणजे बृहन्मुंबईच्या लोकसंख्येत, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची गणना झालेली नसेल आणि प्रमाण खोटेच फुगेल. पत्त्याचा एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचे उत्तर यात आहे.

दुसरा काटेकोरपणा वयाचा. समजा, चाळिशीच्या आतील लोकांत एका रोगाचे प्रमाण लाखात १ आणि साठीच्या पुढे लाखात २० आहे. पहिल्या वस्तीत ९० हजार तरुण आणि १० हजार वृद्ध असतील, तर तेथे सरासरीने २.९ रुग्ण सापडतील. दुसऱ्या वस्तीत ६० हजार तरुण आणि ४० हजार वृद्ध असतील, तर ८.६ सापडतील. आकडा जवळजवळ तिप्पट झाला, पण एकाच वयाच्या दोन माणसांचा धोका दोन्हीकडे अगदी सारखा आहे. म्हणून तुलना करताना वयाची दुरुस्ती करावी लागते.

असा हिशेब हाती आल्यावर एकाच शहरातील समाजांची तुलना शक्य झाली. १९७० मध्ये जसावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाज आणि बृहन्मुंबईची एकूण लोकसंख्या यांतील फरक मांडला. पारशांत तोंड आणि घसा यांचे कर्करोग कमी, तर स्तनाचा कर्करोग जास्त आढळला. हवा एक, पाणी एक, शहर एक, तरी कर्करोग वेगळे! राहणीत, आहारात किंवा अनुवंशात काहीतरी दडलेले आहे, हे यावरून उघड झाले.

रेल्वेचे डॉक्टर

याच सुमारास मुंबईत आणखी एका माणसाने निराळ्या वाटेने हा प्रश्न हाताळला. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांच्यापुढे देशभर पसरलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची वैद्यकीय माहिती होती. हृदयविकाराच्या त्यांच्या अभ्यासात सुमारे साडेअकरा लाख कर्मचारी होते. मालक एक, पगाराच्या श्रेणी सारख्या, दवाखान्यांची सोय सारखी. फरक मुख्यतः प्रांताचा आणि खाण्याचा. निसर्गाने मांडून दिलेला प्रयोगच हा, असे म्हणावे लागेल.

१९६७ मध्ये मल्होत्रा यांनी भारतातील पचनमार्गाच्या कर्करोगांच्या भौगोलिक विभागणीवर शोधनिबंध लिहिला. पुढे १९७७ मध्ये मुंबईच्या कर्करोग नोंदणीतील माहिती घेऊन त्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा वेगळा विचार केला. त्यांचे म्हणणे असे की, हा रोग पंजाबकडील लोकांत फारच कमी आणि दक्षिणेकडील लोकांत त्या मानाने जास्त आढळतो. कारणे त्यांनी तीन सांगितली. उत्तरेकडील आहारात चोथा भरपूर असतो. पोळी-भाकरी नीट चावावी लागत असल्याने अन्नात लाळ चांगली मिसळते. दूध, दही आणि ताक यांचा वापर जास्त असतो.

आज हा निष्कर्ष कसा वाचावा? दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. नोकरीत असलेला कर्मचारी निवृत्तीच्या वयाच्या आतला असतो, आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग तर वाढत्या वयाचा रोग आहे. म्हणजे रोगाचा बराच भाग रेल्वेच्या माहितीबाहेर राहतो. दुसरे असे की, पंजाबी आणि दक्षिणी माणसांत केवळ खाण्याचा फरक नसतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तरीही मल्होत्रा यांचे महत्त्व कमी होत नाही. आतड्यात पोचणारा चोथा आणि आंबवलेले पदार्थ यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले आणि पुढील संशोधनाची दिशा तीच ठरली.

चोथ्याचे पुढे काय होते?

आफ्रिकेत दीर्घ काळ काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये हाच विचार जगापुढे जोरकसपणे मांडला. चोथा जास्त तर मल जास्त, तो आतड्यातून लवकर बाहेर पडतो, त्यामुळे घातक द्रव्यांचा आतड्याच्या अस्तराशी संबंध कमी येतो, असा त्यांचा तर्क होता. तर्क आकर्षक होता, परंतु अपुरा होता. आतड्यातील जीवाणू चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लांचे क्षार तयार होतात, हे नंतर नीट कळले. यांतील ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशींची संख्या ब्युटिरेटमुळे आतड्यात वाढते.

दुधातील स्निग्ध पदार्थातही ब्युटिरिक आम्ल असते, पण ते बहुतेक लहान आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्याला ब्युटिरेट मिळते ते तेथल्या जीवाणूंनी चोथ्यापासून केलेले. तेव्हा तूप खाऊन चोथ्याची भरपाई होत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. चोथ्याचा आहार दिला की मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो, इतके सरळ हे प्रकरण नाही. अमेरिकेत आतड्यातील गाठी काढून टाकलेल्या लोकांना चार वर्षे कमी स्निग्धांशाचा आणि भरपूर चोथ्याचा आहार देऊन पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण त्याने घटले नाही. मोठ्या लोकसमूहांच्या पाहणीत मात्र चोथा जास्त खाणाऱ्यांत रोग कमी दिसतो. चार वर्षांचा काळ कदाचित तोकडा असेल, कदाचित चोथ्याबरोबर इतर घटकही काम करीत असतील.

बुरशी उशिरा का दिसली?

आतापर्यंत आपण जीवाणूंविषयी बोललो. पण आतड्यात बुरशीही असते. बुरशी म्हणजे केवळ शिळ्या पावावरची हिरवी लव नव्हे. नया नगरच्या बेकरीत पावाचे पीठ फुगवणारे खमीर, म्हणजे यीस्ट, हीसुद्धा एकपेशीय बुरशीच. आतड्यात मुख्यतः कॅन्डिडा, खमिराची भाऊबंद असलेली सॅकरोमायसीज आणि एरवी त्वचेवर राहणारी मॅलॅसेझिया या प्रजाती सापडतात. आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या एकूण जनुकीय द्रव्यात बुरशीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी भरतो. त्यामुळे बराच काळ तिच्याकडे दुर्लक्ष झाले. परंतु यीस्टच्या पेशीचा व्यास सुमारे ५ मायक्रॉन आणि गोल जीवाणूचा १ मायक्रॉन धरला, तर एका यीस्टचे आकारमान १२५ जीवाणूंइतके होते. संख्येने थोडी असली तरी बुरशी तेवढी नगण्य नाही.

वैद्यकाला तिची जाणीव झाली ती प्रतिजैविकांच्या युगात. जीवाणूनाशक औषधे दिल्यावर काही रुग्णांत कॅन्डिडा बेसुमार वाढू लागली. जीवाणू होते तोवर जागेसाठी आणि अन्नासाठी चाललेल्या स्पर्धेने तिला आळा बसलेला होता. मग बुरशीवरील औषधांचा शोध सुरू झाला. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी मातीतील एका जीवाणूपासून निस्टॅटिन मिळवले. आपल्याकडे पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ॲन्टिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना या जीवाणूपासून हॅमायसिन शोधून काढले. त्याची माहिती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. जीवाणूच्या नावात पिंपरी गाव आहे आणि औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे आहेत.

ही औषधे बुरशीला मारतात आणि आपल्याला बऱ्याच अंशी सोडून देतात, ती कशी? बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते, आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल. या गटातील औषधे अर्गोस्टेरॉलला चिकटतात आणि पटलाला भोके पाडतात. मात्र या सर्व काळात बुरशी म्हणजे मारून टाकायचा शत्रू, एवढाच विचार होता. ती निरोगी आतड्याचीही रहिवासी आहे, हे पुढे जनुकीय क्रम वाचण्याची तंत्रे आल्यावर स्पष्ट झाले. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या बुरशीचीही ओळख त्यामुळे पटू लागली.

पहारेकरी बुरशीला ओळखतात

रोगप्रतिकारक यंत्रणा बुरशी कशी ओळखते, याचा शोध माशीपासून सुरू झाला. १९९६ मध्ये फ्रान्समधील ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत टोल नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या ॲस्परजिलस बुरशीने मरतात, असे दिसले. हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी सस्तन प्राण्यांच्या भक्षक पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही काय ओळखतो ते दाखवून दिले. बुरशीच्या भित्तिकेत बीटा-ग्लुकान ही शर्करेची साखळी असते. आपल्या शरीरात ती मुळीच नसते. म्हणून ती दिसली की परका आला, हे पेशीला नेमके कळते. डेक्टिन-१ कडून निघालेला निरोप सिक आणि कार्ड-९ या दोन प्रथिनांमार्फत पेशीच्या आत पोचतो. डेक्टिन-१ नसलेल्या उंदरांत आतड्याचा दाह जास्त तीव्र होतो आणि त्यात आतड्यातील बुरशीचा हात असतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले.

आता कर्करोगाकडे येऊ. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जवळजवळ एकच प्रयोग केला. एक गट चीनमधील, दुसरा अमेरिकेतील मेम्फिस येथील, तिरुमला-देवी कन्नेगंटी यांचा. उंदरांना एक रसायन टोचून आणि दुसरे दाहकारक रसायन पिण्याच्या पाण्यातून देऊन मोठ्या आतड्यात गाठी निर्माण केल्या जातात. कार्ड-९ नसलेल्या उंदरांत या गाठी अधिक झाल्या. येथवर दोघांचे एकमत होते.

कारण शोधताना मात्र दोन वाटा फुटल्या. चिनी गटाला असे आढळले की, कार्ड-९ नसेल तर भक्षक पेशींना बुरशी नीट मारता येत नाही. कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही जात फोफावते आणि तिच्यामुळे प्रतिकार दडपून टाकणाऱ्या पेशी गाठीभोवती जमतात. फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक दिल्यावर या उंदरांतील गाठींचा भार कमी झाला. मेम्फिसच्या गटाला दुसरी बाजू दिसली. आतड्यातील नेहमीच्या बुरशीची चाहूल लागल्यामुळे भक्षक पेशी इंटरल्युकिन-१८ हा निरोप्या तयार करतात. तो आतड्याच्या अस्तराची डागडुजी करवून घेतो आणि गाठीवर चाल करणाऱ्या टी-पेशींना चेतवतो. या गटाच्या प्रयोगात बुरशीनाशक दिल्यावर दाह आणि कर्करोग दोन्ही वाढले!

एकाच औषधोपचाराने एकीकडे रोग घटतो आणि दुसरीकडे वाढतो, हे ऐकून विद्यार्थी गोंधळतील. पण नीट पाहिल्यास दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडून काढीत नाहीत. बेसुमार वाढलेली बुरशी प्रतिकार दडपते, तर मर्यादेत असलेली बुरशी पहारेकऱ्यांना जागे ठेवते. म्हणजे नुसत्या बुरशीच्या असण्यानसण्यावर काही ठरत नाही. बुरशी किती, कोणती आणि तिच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा शाबूत आहे की नाही, या तिन्ही गोष्टींचा मिळून परिणाम होतो. वाढत्या बुरशीला मोकळे रान आणि झोपलेले पहारेकरी, हा घातक संयोग होय.

गाठीत खरोखर बुरशी असते का?

उंदरांवरून माणसावर येताना जपून यावे लागते. २०२२ मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांतील एकात ३५ प्रकारच्या कर्करोगांचे १७,४०१ नमुने तपासून त्यांत बुरशीच्या जनुकीय खुणा असल्याचे सांगितले गेले. दुसऱ्या अभ्यासात पचनमार्गाच्या गाठींत कॅन्डिडाचा संबंध दिसला. पण गाठीच्या तुकड्यात बुरशीचे द्रव्य अत्यल्प असते. शस्त्रक्रियेची खोली, रसायनाच्या बाटल्या, तपासणाऱ्याची त्वचा, कोठूनही त्यात भेसळ होऊ शकते. संगणकीय जुळणीतील चुकीने मानवी जनुकीय तुकडाही सूक्ष्मजीवाचा समजला जातो. गाठींतील सूक्ष्मजीवांवरचा २०२० सालचा एक गाजलेला शोधनिबंध अशाच त्रुटी निघाल्यामुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. बुरशीवरील निष्कर्षांचीही अशीच कठोर फेरतपासणी व्हावयास हवी. आणि बुरशी सापडली, तरी ती गाठीचे कारण आहे की गाठ झाल्यावर वस्तीला आलेली पाहुणी, हा प्रश्न उरतोच. मल्होत्रांच्या आकडेवारीपुढे उभा राहिलेला हा तोच जुना प्रश्न. साधने बदलली, तरी शंका तीच.

आज आपल्यापुढे काय आहे?

भारतात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे वयाची दुरुस्ती केलेले प्रमाण लाखात सुमारे पाचच्या आसपास आहे. अनेक पाश्चात्त्य देशांत ते तिसाच्या वर आहे. ही समाधानाची बाब खरी, पण तिला दुसरी बाजू आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः साठीपुढचा रोग आहे. आपल्याकडे लोकसंख्याच तरुण आहे, हे याचे एक कारण. वर दिलेले छेदाचे उदाहरण येथेही लागू पडते. पण चाळिशीतल्या माणसाच्या शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध म्हणून ते अंगावर काढले जाते, हेही खरे. शौचावाटे वारंवार रक्त पडणे, शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे बदल राहणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रक्तक्षय होणे, यांपैकी काहीही दिसले तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे. रोग सुरुवातीला सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

आतड्यातील बुरशी मारण्याच्या उद्देशाने मनाने औषधे घेणे मात्र टाळावे. मेम्फिसच्या उंदरांचा धडा तो हाच. घरच्या जेवणात डाळी, भाज्या आणि कोंड्यासकट धान्य असावे, प्रक्रिया केलेले मांस टाळावे, तंबाखू आणि मद्य यांपासून दूर राहावे, विनाकारण प्रतिजैविके घेऊ नयेत, एवढा सल्ला आजच्या ज्ञानाच्या आधारे नि:शंकपणे देता येतो.

शिक्षकांना वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील. कोमट साखरपाण्यात थोडे बेकरीचे खमीर अर्धा तास ठेवून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावा आणि शेजारी ताकाचा थेंब ठेवावा. यीस्ट आणि जीवाणू यांच्या आकारातील फरक मुले स्वतः पाहतील. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना दोन वस्त्यांचे वयोगट देऊन प्रमाण काढायला लावावे. नव्या औषधाची किंवा एखाद्या खाद्यपदार्थाची बातमी वाचल्यावर 'अंश कोणता, छेद कोणता, आणि आधी काय घडले?' असे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर खानोलकर, जसावाला आणि मल्होत्रा यांनी मुंबईत सुरू केलेले काम पुढे नेणारे त्यांच्यातूनच निघतील.